घोड्यापुरता रस्ता

इंग्रजीतला ‘ब्राइडल’ हा शब्द मी आयुष्यात एकदाच भाषांतरित केला आणि तो चुकवला. लग्नाच्या हंगामात ब्यूटी पार्लरच्या पाट्यांवर झळकतो तो ब्राइडल वेगळा, माझा घोड्याचा. घोड्याच्या डोक्याला बांधायचे पट्टे, तोंडात बसणारं लोखंड आणि स्वाराच्या हातात येणाऱ्या वाद्या, एवढ्या सगळ्याला मिळून इंग्रज हा एकच शब्द वापरतो. आपण लगाम म्हणून मोकळे होतो. हे मला तेव्हाही माहीत होतं. माहीत असून चुकवला, म्हणूनच ती आठवण अजून स्वस्थ बसू देत नाही.

नव्वदच्या दशकाची ती शेवटची वर्षं. धारवाडला एका कॉलेजात मी इंग्रजी शिकवत होतो आणि मळमड्डीत राहत होतो. मळमड्डीत दर तिसऱ्या घरात एक मास्तर आणि दर चौथ्या घरात एक निवृत्त अधिकारी; त्यामुळे तिथे कुणी कुणाचं ऐकत नसे, सगळे समजावून सांगत असत. घरी मराठी, नोकरीत इंग्रजी आणि बाजारात, कोर्टात कानडी अशी माझी वाटणी होती. वकील मंडळी ब्रिटिश अमदानीतली जुनी इंग्रजी खरेदीखतं घेऊन यायची आणि मी ती कानडीत करून द्यायचो. शेवटी लिहायचं, ‘मुळाबरहुकूम खरं भाषांतर’, आणि खाली सही. ती ओळ लिहिताना मला दर वेळी जरा बरं वाटायचं. कॉलेजात माझ्या सहीला एवढं वजन नव्हतं.

आमच्या घराच्या उजव्या हाताला एक बोळ आत जायचा. बोळाच्या तोंडाशी साहेबांचा मोठा प्लॉट आणि पार आत, तीसेक पावलांवर, अक्का आणि अण्णांचं कौलारू घर. अण्णा रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले, अक्का प्राथमिक शाळेतून. मूलबाळ नाही. त्यांच्या घराला बाहेर पडायला तो एकच बोळ. रुंदी आठ-नऊ फूट, दोन्हीकडे दासवाळाची, म्हणजे जास्वंदीची, वेडीवाकडी झुडपं. बोळाची जमीन कागदोपत्री साहेबांच्या प्लॉटातली, पण त्यावरून जाण्या-येण्याचा हक्क आतल्या घराला, हे कुणीतरी फार पूर्वी इंग्रजीत लिहून ठेवलेलं.

साहेब पोलीस खात्यातून निवृत्त झाले होते. फाटकावर नाव, त्याखाली हुद्दा, त्याखाली अगदी बारीक अक्षरांत ‘निवृत्त’. दिवाणखान्यात काचेच्या कपाटात गुडघ्यापर्यंतचे घोडेस्वारीचे बूट. दर रविवारी ते बाहेर निघायचे आणि साहेब व्हरांड्यात बसून स्वतः त्यांना पॉलिश करायचे. आपण घोडेस्वार पथकात होतो, असं ते सांगायचे. मी त्यावर विश्वास ठेवला नव्हता. मळमड्डीत प्रत्येक दिवाणखान्यात असं काहीतरी असायचं: एकाकडे वाघाचं कातडं, एकाकडे कुणा संस्थानिकाबरोबरचा फोटो, ज्यात यजमान डावीकडून सातवे. माझ्या अंदाजाने साहेबांचा घोड्याशी संबंध बुटांपुरता होता.

एका दिवाळीत अण्णांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. जीव वाचला. बोलणं जरा जड झालं, पण शाबूत राहिलं. पाय ओढत का होईना, धरून चार पावलं टाकता यायची. हात मात्र मुठीसारखा मिटत चालला होता. हुबळीच्या हॉस्पिटलात आठवड्यातून दोनदा व्यायामाला आणा, असं डॉक्टरांनी सांगितलं. हात उघडेल, पण हे पहिले काही महिने महत्त्वाचे, नंतर तो आहे तसा राहील, असं अक्कांना दोन भाषांत बजावलं. ओळखीचा एक रिक्षावाला ठरला. तो रिक्षा थेट अक्कांच्या पायरीशी लावायचा. अण्णा दारातून निघून रिक्षात, रिक्षातून हॉस्पिटलच्या दारात. दोन महिने हे नीट चाललं. करंगळी उघडायला लागली आहे, असं अक्का मला भाजीच्या गाड्यापाशी सांगत होत्या.

मग साहेबांना त्या रिक्षाच्या धुराचा त्रास व्हायला लागला. ती सकाळी फटफटत आत-बाहेर जायची ती त्यांच्या व्हरांड्याच्या अंगावरून. त्यांनी भिंत घालायची ठरवली. गवंडी आला, दोरी ताणली. अक्का त्यांच्या वकिलांकडे धावल्या, वकील माझ्याकडे.

वकील आमच्याच ओळीतले, सगळे त्यांना काका म्हणत. ते खरेदीखत ठेवून म्हणाले, “उद्या नोटीस द्यायचीये. रात्रीपर्यंत झालं पाहिजे बघा सर. सात पानं फक्त.”

माझ्यापुढे उत्तरपत्रिकांचे गठ्ठे होते. संध्याकाळी मी ती सात पानं हातावेगळी केली. पाचव्या पानावर, उत्तरेच्या चतुःसीमेत ‘ब्राइडल पाथ’ आला. वीस वर्षं इंग्रजी शिकवणारा माणूस सहा अक्षरी शब्दासाठी कोश उघडत नाही. शिवाय तो बोळ मी रोज बघत होतो. दूधवाल्याची सायकल, अक्कांची तुळस, वाळत घातलेली धुणी. त्यात घोडा कुठे होता? मी शब्दाकडे न बघता बोळाकडे बघितलं आणि लिहून टाकलं, ‘कालुदारी’. पायवाट. खाली सही केली.

आठवड्याने साहेबांच्या वकिलाचं उत्तर आलं. अत्यंत नम्र होतं. आमच्या अशिलास आपलं म्हणणं संपूर्ण मान्य आहे. आपण स्वतःच सादर केलेल्या भाषांतराप्रमाणे आपल्याला पायवाटेचा हक्क आहे. पायवाटेस तीन फूट पुरतात. तीन फूट सोडून भिंत घालण्यात येत आहे.

आणि घातली. कंबरेइतकी आली तेव्हा काकांनी कोर्टातून काम थांबवलं, पण झालेली भिंत पाडायची की राहू द्यायची, हे कोर्ट तारखा देऊन ठरवणार होतं. रिक्षा बोळाच्या तोंडाशी थांबायला लागली. चाकाची खुर्ची आणून पाहिली, ती बोळातल्या दगडांत रुतली. मग गल्लीतल्या चौघांनी अण्णांना वेताच्या खुर्चीत बसवून उचलून नेलं. एक पुढे, एक मागे, दोघे भिंतीवरून हात देणारे. बाजूच्या व्हरांड्यांतून माणसं उभी. कुणी चुकचुकलं, एका आजींनी तर हात जोडले.

अण्णा रिक्षात बसल्यावर म्हणाले, “झाली मिरवणूक. आता परत नाही.”

“म्हणजे काय?” अक्का म्हणाल्या. “गुरुवारी जायचंय की.”

“तू जा. मी पालखीतला देव नव्हं.”

त्या गुरुवारी ते गेले नाहीत. पुढच्या सोमवारीही नाही. अण्णा हट्टी होते हे खरं, पण तो नुसता हट्ट नव्हता. हा माणूस जन्मभर गाडीच्या शेवटच्या डब्यात उभा राहून इतरांना नेऊन पोचवत आला होता. चार खांद्यांवर जायची त्याला घाई नव्हती.

अक्का माझ्याकडे आल्या त्या भाषांतराची प्रत हातात घेऊन. चष्मा नाकावर खाली ओढून त्यांनी पाचवं पान काढलं.

“सर, हे ‘कालुदारी’ कुठं आहे इंग्लिशमधे? मला दाखवा की.”

मी दाखवलं.

“ह्याचा अर्थ पायवाटच होतो? दुसरा काही नाही?”

“अक्का, तिथं पाथ लिहिलंय. पाथ म्हणजे वाट.”

“आणि त्याच्या आधीचं? ते ब्राइडल?”

“ते वाटेचं विशेषण,” मी म्हणालो. आता लिहितानाही कान गरम होतात. त्या शाळेत व्याकरण शिकवून निवृत्त झाल्या होत्या. एक क्षण माझ्याकडे बघत राहिल्या, मग “बरं” म्हणून उठल्या. चहा घेतला नाही.

त्या गेल्यावर मी कोश उघडला. पानाच्या वरच्या अंगाला तो शब्द होता. नाम: घोड्याच्या डोक्यावरचा साज, त्यात पट्टे, लोखंड आणि वाद्या आल्या. जहाज नांगराशी बांधायचा दुपेडी दोर, तोही ब्राइडल. पतंगाला मांजा जोडायच्या आधी आपण जी कणी बांधतो, तीही. भांडखोर ठरवलेल्या बायकांच्या तोंडावर बसवायचा लोखंडी सापळा पूर्वी इंग्लंडात होता, त्यालासुद्धा हाच शब्द. सुधारलेल्या लोकांच्या शब्दकोशात असं काहीबाही सापडतं. मग क्रियापद: लगाम घालणे, आवरणे. जिभेला, रागाला, खर्चाला. कानडी वर्तमानपत्रं रोज कशाला ना कशाला ‘कडिवाण’ घालतात, तेच हे. त्याखाली आणखी एक क्रियापद, ज्याला कर्म लागत नाही: लगाम ओढला की घोडा जसं करतो तसं, मान ताठ करून हनुवटी आत घेणे, अपमान, संताप किंवा तोरा दाखवणे. आणि सगळ्यात शेवटी, सामासिक शब्दांत: ब्राइडल पाथ. घोड्यावर बसून जाता येईल, पण गाडी नेता येणार नाही, असा रस्ता.

माणसाची वाट नव्हे, घोड्याची. तीन फूट नव्हे.

मी कोश मिटला आणि उत्तरपत्रिका तपासायला बसलो. दोन तपासल्या. पुन्हा कोश उघडला, अर्थ बदललेला नव्हता.

पुढचे दोन-तीन महिने मी जे केलं त्याला काय म्हणायचं ते मला आजही ठरवता येत नाही. काही केलं नाही असंही नाही. मी काकांना गाठलं आणि सांगितलं, “त्या शब्दाचे दोन अर्थ होतात बघा. पायवाट होतो, तसा घोड्याचा रस्ताही होतो.” हे खोटं होतं. पण सरळ खोट्यापेक्षा जरा विद्वान होतं. चुकलो म्हणण्यापेक्षा दोन अर्थ होतात म्हणणं मास्तरांना सोपं जातं. आमचा सगळा धंदाच त्यावर चालतो.

काका खूष झाले. “मग आधी सांगायचं की हो! दोन अर्थ म्हणजे जागा झाली वाद घालायला.”

मला मात्र चैन पडेना. वर्गात शिकवताना मधेच थांबायचो. त्या बोळावरून जायला लागू नये म्हणून कॉलेजला लांबच्या रस्त्याने जायला लागलो. बायकोने विचारलं, “पाय बरे आहेत ना?” एकदा दुपारी तर काही काम नसताना स्टेशनजवळच्या टांगा स्टँडवर जाऊन उभा राहिलो. तीन-चार टांगे उरले होते. जन्मभर टांग्यात बसलो, पण घोड्याचं तोंड मी कधी समोरून नीट पाहिलं नव्हतं. एका म्हाताऱ्या टांगेवाल्याला कानडीत म्हणालो, “हे डोक्यावरचं जरा दाखवता?”

“कुठं जायचं, सर?”

“कुठं नाही. नुसतं बघायचंय.”

त्याने आधी मला न्याहाळलं, मग दाखवलं. हा कपाळाचा पट्टा, हा गळ्याखालचा, ही डोळ्यांवरची झापडं, हे तोंडातलं कडिवाण. “हे दातांवर नाही बसत, दातांच्या मागं रिकामी जागा असते तिथं बसतं. देवानं जागा ठेवली म्हणून माणसाला सुचलं.” मग विचारलं, “घोडा घ्यायचाय?”

“नाही.”

“मग काय पुस्तक लिहायचंय?”

मी हे काकांना सांगितलं आणि तिथे माझ्या हातून पुढचा प्रकार घडला. काकांच्या डोक्यात घोडा शिरला. कोर्टाने जागा पाहून अहवाल द्यायला कमिशनर म्हणून एक तरुण वकील नेमला होता. तो येईल त्या दिवशी बोळात खरा घोडा उभा करायचा, असं काकांनी ठरवलं. “प्रत्यक्ष पुरावा,” ते म्हणाले. “तीन फुटांत घोडा घालून दाखवा म्हणावं.” धारवाडातला दिवाणी वकील एवढा नाट्यमय होईल असं मला वाटलं नव्हतं. पण प्रॅक्टिस बेताची होती आणि माणूस वाचणारा होता.

त्या सकाळी सगळी मळमड्डी बोळाच्या तोंडाशी जमली. टांगेवाला घोडा सोडवून, नुसता साज घालून घेऊन आला. अक्का भिंतीच्या पलीकडे उभ्या होत्या. आतल्या घराच्या दारात अण्णा खुर्चीत, उजवा हात मांडीवर ठेवलेला, वर पंचा टाकलेला. साहेब इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात व्हरांड्यात, बाजूला त्यांचा वकील. कमिशनर हातात टेप घेऊन गोंधळलेला.

“हा घोडा कशाला?” त्याने विचारलं.

“मोजायला,” काका म्हणाले.

साहेबांच्या वकिलाने फाइलीतून शांतपणे एक कागद काढला. “कमिशनरसाहेब, घोडा राहू द्या. हे त्यांचंच भाषांतर. पायवाट. सही प्रोफेसरांची, आणि प्रोफेसर इथं हजर आहेत.”

कमिशनर माझ्याकडे वळला. तो माझा विद्यार्थी नव्हता, तरी “सर” म्हणाला. “सर, या शब्दाचा अर्थ पायवाट होतो का?”

“दोन अर्थ...” मी सुरुवात केली.

“हं तर,” तो साहेबांचा वकील म्हणाला. “दोन होत असतील तर त्यांनी स्वतः लिहिला तो धरा. नंतर सुचलेला कशाला?”

कमिशनरने मान हलवली आणि पेन उघडलं. ते त्याच्या दृष्टीने बरोबरच होतं. तेवढ्यात गर्दीतून कुणाची तरी स्कूटर फाटकन सुरू झाली, घोडा बिचकला, टांगेवाल्याने वादी ओढली. घोड्याने मान ताठ केली, हनुवटी छातीशी घेतली आणि डोळा पांढरा करून वळवला. कोशातलं ते क्रियापद मी तीन महिने रोज वाचत होतो. आता ते पाच फुटांवर उभं होतं आणि माझी स्वतःची मानही त्याच कोनात आखडलेली आहे, हे मला कळलं. अक्कांनी प्रश्न विचारला तेव्हापासून ती तशीच होती.

“पायवाट होत नाही,” मी म्हणालो. “एकच अर्थ आहे. घोड्याचा रस्ता. मी चुकीचं लिहिलं.”

“म्हणजे तेव्हा माहीत नव्हतं?” तो वकील म्हणाला.

“माहीत होतं. कोश बघितला नाही. नंतर बघितला, तरी बोललो नाही.”

काका माझ्याकडे असे बघत होते, जणू मी त्यांचाच साक्षीदार फोडला होता. मी अक्कांकडे बघायचं टाळलं आणि नेमकं अण्णांकडे बघितलं. ते माझ्याकडेच बघत होते.

कमिशनरने लिहून घेतलं, माझी सही घेतली आणि विचारलं, “घोड्याला रस्ता किती रुंद लागतो मग?”

इथे सगळे एकदम बोलायला लागले. काका म्हणाले दहा फूट. साहेबांचा वकील म्हणाला, घोडा तीन फुटांतून सहज जाईल, तो काय हत्ती आहे? गर्दीतले एक निवृत्त सर्व्हेअर म्हणाले, घोड्याच्या पोटाचा घेर मोजून तीनाने भागा. टांगेवाल्याला कुणी विचारलंच नाही.

“नॉनसेन्स!” व्हरांड्यातून साहेब गरजले.

ते खाली उतरले. त्यांची हनुवटी आत गेली होती, मान ताठ. या क्रियापदाचं धारवाडातलं सगळ्यात अस्सल उदाहरण चालत येत होतं. ते सरळ घोड्याकडे गेले आणि माझा बुटांचा अंदाज तिथेच खोटा ठरला. त्यांनी हात आधी घोड्याच्या मानेवर ठेवला, डोक्यावर नाही. बोटं गालपट्ट्याखाली घातली, ओठाचा कोपरा वर करून पाहिला.

“केवढं आवळलंय हे! कोपरा फाटलाय बघ इथं. दोन भोकं सैल कर,” ते टांगेवाल्याला कानडीत म्हणाले. त्याने केलं नाही तेव्हा स्वतः केलं. घोड्याची मान खाली आली.

“आणि तुम्ही,” ते आपल्याच वकिलाकडे वळले, “कधी बसलाय घोड्यावर?”

“नाही साहेब, पण मुद्दा...”

“स्वाराचे पाय काय घोड्याच्या खिशात असतात? रिकिबीत पाय, गुडघे बाहेर. एकट्या स्वाराला पाच फूट. समोरून दुसरा आला तर? त्यानं काय झाडावर चढायचं? आठ फूट. आठच्या खाली कुणी ब्राइडल पाथ म्हणेल तर त्याला घोडा कशाशी खातात ते माहीत नाही. लिहा, आठ.”

“साहेब,” त्यांचा वकील अगदी हळू म्हणाला, “भिंत आपली आहे.”

साहेबांनी भिंतीकडे पाहिलं. मला खात्री आहे की त्या क्षणापर्यंत ती त्यांच्या लक्षात नव्हती. पण शब्द मागे घेण्याची सवय त्यांना नव्हती आणि आजूबाजूला सत्तर माणसं उभी होती.

वकिलाने शेवटचा प्रयत्न केला. “ठीक, आठ. पण त्यावरून वाहन जाणार नाही. कोशातच आहे, गाडी नेता येत नाही.” हे मात्र खरं होतं. मी ते वाचलं होतं. अक्कांनी भिंतीवर हात टेकला.

“गाडी म्हणजे घोडागाडी, बग्गी, मोटार,” साहेब म्हणाले. “ती तीन चाकांची पेटी? तिला मी गाडी मानत नाही.”

आणि ते वर निघून गेले. गर्दीत कुणीतरी हसलं, पण हळू. कमिशनरने तेही लिहून घेतलं.

कोर्टाचा निकाल यायला आणखी वर्ष लागलं, पण भिंत त्याच आठवड्यात गेली. साहेबांनीच पाडायला लावली. गवंड्याला ते वरून सूचना देत होते, जणू पाडण्याचाही एक नियम असतो. माझ्याकडे जुन्या कागदांचं काम त्यानंतर आलं नाही. काका भेटले की हवेबद्दल बोलत. त्याचं मला फारसं वाटलं नाही.

सोमवारी रिक्षा आत गेली. मी बोळाच्या तोंडाशी उभा होतो. बाहेर पडताना ती माझ्यापाशी थांबली. आत अक्का आणि अण्णा.

“सर,” अण्णा म्हणाले, “कॉलेज आहे आज?”

“दुपारी आहे.”

“मग चला की. बसा पुढं.”

रागाने म्हणाले की कसं, ते मला कळलं नाही. मी ड्रायव्हरच्या बाजूला अर्ध्या सीटवर बसलो. उणकलचा तलाव गेला, हुबळी आली. हॉस्पिटलात त्यांना एका बाकावर बसवलं. फिजिओथेरपी करणारी मुलगी कानडी बोलणारी, तरतरीत. तिने जुना कागद पाहिला, मग अण्णांचा हात हातात घेतला आणि बोटं एकेक करून उघडायला लागली. अंगठा आला. तर्जनी अर्धी आली. करंगळी, जी दिवाळीनंतर उघडायला लागली होती, ती आली नाही. तिने पुन्हा जोर दिला, अण्णांनी डोळे मिटले.

“किती महिने झाले? मधे आला का नाहीत?” ती म्हणाली. जरा रागावलीच होती. “आता ही बोटं पूर्ण उघडतील असं मी सांगू शकत नाही. आधी आला असता तर...”

“दारी इरलिल्ला,” अण्णा म्हणाले. रस्ता नव्हता.

“रस्ता नव्हता म्हणजे?”

अण्णांनी माझ्याकडे बघितलं नाही. अक्कांनीही नाही. ती मुलगी आमच्या तिघांकडे आळीपाळीने बघत होती, हातातला हात तसाच धरून.

“रस्ता होता,” मी तिला सांगितलं. “मी बंद केला होता.”

तिला काही समजलं नाही. तिने मला सांगितलं की मनगट खालून असं धरून ठेवा, हलू देऊ नका. मी बाकाशी बसून दोन्ही हातांनी अण्णांचं मनगट धरलं, आणि ती करंगळीकडे वळली.